मन शांत व्हायचं तर कोणत्या रस्त्यानं चालावं?

रोज फिरायला जाणारे किती पावलं झाली ते आवर्जून बघतात. कुठून चाललो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मनाच्या दृष्टीनं खरा फरक तिथेच पडतो.

बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली हे तपासून पाहिलं. ६३ निरोगी माणसांपैकी काहींना तासभर ग्रुनेवाल्डच्या जंगलात चालायला पाठवलं, काहींना गजबजलेल्या बाजाररस्त्यावर. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचं एमआरआय केलं. अमिग्डाला हा मेंदूतला धोका हेरणारा भाग. जंगलातून आलेल्यांमध्ये त्याची सक्रियता उतरली होती. बाजारातून आलेल्यांमध्ये ती कमी झाली नाही, पण वाढलीही नाही. म्हणजे रस्त्यावरचं चालणं वाया जातं असं नाही, फक्त मनाला विसावा मिळत नाही.

कारण शोधायला लांब जायला नको. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर चालताना फुटपाथवर चढलेली दुचाकी, उखडलेली फरशी, मागून येणारा हॉर्न, सगळ्याकडे मुद्दाम लक्ष ठेवावं लागतं. हे लक्ष थकतं. वेताळ टेकडीवर हलणारी पानं किंवा सातभाई पक्ष्यांचा कलकलाट आपसूक लक्ष वेधून घेतात आणि थकलेल्या लक्षाला सुट्टी मिळते. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांची ही उपपत्ती आहे.

वेळ किती द्यावा? मिशिगन विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात शहरी लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. झाडाझुडपांत २० ते ३० मिनिटं घालवल्यावर ते सर्वात वेगानं उतरलं. पुढे उतरण्याचा वेग मंदावला. या वेळात फोन, वाचन, गप्पा आणि दमवणारा व्यायाम वर्ज्य होता. कानात हेडफोन घालून ऑफिसचे कॉल उरकत चालणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

जवळ टेकडी नसेल तर हमरस्ता सोडून दोन गल्ल्या आत शिरा. जुने पर्जन्यवृक्ष किंवा वड असलेला रस्ता निवडा, थोडा वळसा पडला तरी. धूर आणि गोंगाट, दोन्ही तिथे बरेच कमी असतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा हट्ट नको. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि रात्रभराचा धूर तिच्यातच साचून राहतो. ऊन चढून जमीन तापली की तो विरतो, म्हणून दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तरी नऊनंतरच निघावं.