वार्धक्यातील नैराश्य व चिंता : मराठवाडा

साठीनंतर उद्भवणारे किंवा आधीच्या आयुष्यातून सोबत आलेले दोन मनोविकार. बहुतेक वेळा ते जोडीने असतात आणि वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहतात. किमान दोन आठवडे मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड, अपराधी वाटणे, जगणे नकोसे होणे अशी एकूण पाच लक्षणे दिसली, तर नैराश्याचे निदान होते. चिंताविकाराची मुदत मोठी आहे : आवरता न येणारी काळजी साधारण सहा महिने टिकावी लागते. जोडीदाराच्या मृत्यूचा शोक हा विकार नव्हे. मात्र त्यातून पुढे विकार जडू शकतो.

मराठवाड्यातील वृद्ध डॉक्टरकडे येतात ते शरीराची तक्रार घेऊन. कंबर धरली आहे, हातापायांची आग होते, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘करमत नाही’ हे बहुधा निघता निघता सांगितले जाते. तोवर सलाइन लागलेले असते, ताकदीची सुई टोचून झालेली असते. घरचे म्हणतात, वय झालं की असं व्हायचंच. कुणी बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठतो, कुणी दर्ग्यावर जातो. हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक भारतीयांच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत (लासी) साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत संभाव्य नैराश्य आढळले. ‘मला हे निदान झाले आहे’ असे सांगणारे मात्र ०.८ टक्केच होते.

मोजमापासाठी १९८० च्या दशकात तयार झालेली वृद्ध नैराश्य मापनश्रेणी वापरतात. तिची लहान आवृत्ती पंधरा प्रश्नांची आहे. उत्तरे हो-नाहीत असल्याने निरक्षरालाही ती वाचून दाखवता येते, आणि म्हातारपणाच्या दुखण्यांची गल्लत होऊ नये म्हणून शारीरिक तक्रारी तिच्यात जवळपास टाळल्या आहेत. तरी ती इथे जपून वापरावी लागते. बाहेर जाण्यापेक्षा घरी राहणे तुम्हाला बरे वाटते का, असा एक प्रश्न आहे. ज्या आजीच्या पदरात तीन नातवंडे टाकून मुलगा-सून ऊसतोडीला गेली आहेत, तिच्यापुढे निवड नसतेच. बहुतेक लोक आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत असे वाटते का, हा दुसरा. सलग दोन खरीप बुडालेला कोरडवाहू शेतकरी याला ‘हो’ म्हणाला, तर ते लक्षण की वस्तुस्थिती?

एकदाच केलेली मोजणी आणखी एका कारणाने अपुरी पडते. हे विकार एका जागी थांबत नाहीत. नेदरलंड्समध्ये साठीपुढच्या नैराश्यग्रस्तांचा दोन वर्षे पाठपुरावा केला तेव्हा जवळपास निम्म्यांना तेव्हाही नैराश्य होते. काहींचे दुखणे पूर्ण जाते, काहींचे उलटते, काहींचे मंद आचेवर वर्षानुवर्षे राहते. सोबत चिंता असली, कायमची अंगदुखी असली, एकटेपणा असला किंवा पहिला झटका तरुणपणीच येऊन गेला असला, तर बरे व्हायला वेळ लागतो. साठी-सत्तरीच्या दरम्यान नैराश्याचे प्रमाण तुलनेने कमी राहून पुढे वाढते असे अनेक अभ्यासांत दिसते. त्यामागे निव्वळ वयापेक्षा आजारपण, परावलंबन आणि जोडीदार जाणे यांचा वाटा मोठा असतो.

मराठवाड्यात या आलेखावर वर्षाचे चक्रही चढते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसह आसपासच्या जिल्ह्यांतून कोयत्याच्या जोड्या (ऊसतोडणी करणारे नवरा-बायको) पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, म्हणून थांबणे शक्य नसते. गुढीपाडव्यापर्यंत कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच उरतात. या गावांची पाहणी माघात केली आणि ज्येष्ठात केली, तर निष्कर्ष एकच येईल असे मानणे धाडसाचे आहे. ज्येष्ठात घर भरलेले असते, पण पावसाचा घोर लागलेला असतो.

याहून लांब पल्ल्याचे ओझेही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात लातूर-धाराशिव पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. तेव्हा ऐन तिशीत ढिगारे उपसणारे आता साठीपलीकडे आहेत. पुनर्वसनात दाट, दगडमातीच्या गावांच्या जागी रुंद रस्त्यांच्या, विखुरलेल्या घरांच्या वसाहती आल्या. घरे सुरक्षित झाली, पण म्हाताऱ्यांचे पारावरचे बसणे लांब पडले. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या आईवडिलांकडेही तितकेसे लक्ष गेलेले नाही. चर्चा होते ती विधवेची आणि कर्जाची. कर्त्या मुलानंतर सत्तरीचा बाप पुन्हा औत धरतो. शेतकऱ्याला निवृत्ती नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये औषधालाही पुरत नाहीत.

निदानापूर्वी थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय, मधुमेह आणि चालू औषधे तपासावीत. नैराश्यातला विसरभोळेपणा स्मृतिभ्रंशासारखा भासतो. अशा रुग्णाला आपण विसरतो याची स्वतःला फार खंत असते, तर स्मृतिभ्रंशात अनेकदा कुटुंबच आधी तक्रार करते. पक्षाघातानंतरचे नैराश्यही सर्रास निसटते.

उपचारात समुपदेशन आणि सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी औषधे आहेत. वृद्धांत मात्रा कमी ठेवून सुरुवात करतात आणि गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. या औषधांनी रक्तातले सोडियम उतरू शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अधिकच. मेडिकलमधून परस्पर आणलेली अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी मात्र तोल घालवते, खुब्याचे हाड मोडायला कारण होते आणि सवय लावते. भजनी मंडळ, हरिनाम सप्ताह, पैठणहून पंढरीला जाणारी नाथांची पालखी यांतून माणसांत मिसळणे होते. मध्यम-तीव्र नैराश्यात ते पूरक ठरते, पर्याय नव्हे. वृद्धांचे आत्महत्येचे प्रयत्न तरुणांपेक्षा अधिक वेळा प्राणघातक ठरतात, त्यामुळे फवारणीचे औषध कुलपात ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात एकही नव्हते. भार पडतो तो छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांवर आणि जिल्हा रुग्णालयांवर. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या राज्याच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात २०१५ पासून विभागातील आठही जिल्हे असून आशा कार्यकर्त्या घरोघरी चौकशी करतात आणि १०४ क्रमांकावर सल्ला मिळतो. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे. बरे वाटल्यावरही औषध साधारण वर्षभर चालू ठेवायचे असते, आणि खेड्यात खंड पडतो तो इथेच : गोळ्या संपतात तेव्हा तालुक्याला घेऊन जाणारा मुलगा उसाच्या फडावर असतो.