महासागरी शीडनौकेवरील दिनक्रम

शिडाच्या छोट्या नौकेतून महासागर ओलांडताना तिच्यावरील माणसे पहारा, झोप, स्वयंपाक आणि डागडुजी यांची जी घडी बसवतात, तिला महासागरी शीडनौकेवरील दिनक्रम म्हणता येईल. अशी नौका साधारणपणे ३५ ते ६० फूट लांब असते आणि बऱ्या वाऱ्यात ताशी पाच-सहा सागरी मैल, म्हणजे चोवीस तासांत १२० ते १५० सागरी मैल कापते. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. या वेगाने गोव्याहून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल गाठायला महिन्याहून अधिक काळ लागतो आणि तेवढे दिवस नौका रात्रीही चालतीच असते. खोल समुद्रात नांगर टाकता येत नाही. शिवाय १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतील पाचव्या नियमानुसार प्रत्येक जलयानाने डोळ्यांनी आणि कानांनी सदैव नजर ठेवायची असते.

त्यामुळे येथे दिवस मोजला जातो तो पाळ्यांनी. मोठ्या जहाजांवर चार तासांची पाळी रूढ आहे. संध्याकाळी चार ते आठ या पाळीचे दोन तुकडे केले की दिवसाच्या सात पाळ्या होतात आणि रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही. नौकेवर दोघेच असतील तर रात्री दोन, तीन किंवा चार तासांची आलटापालट होते. एक जण पहाऱ्यावरून उतरतो आणि दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या, अजून ऊबदार असलेल्या अंथरुणात शिरतो. नौका कलल्यावर झोपलेला माणूस खाली पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापडाची आडवी पट्टी ताणलेली असते.

रात्रीची पाळी बदलणे हे दिनक्रमातील सर्वांत नाजूक काम आहे. अंधाराला सरावलेली नजर टिकावी म्हणून आत मंद तांबडा दिवा लावतात. उठलेला माणूस एका हाताने आधार धरून दमट रेनकोट चढवतो आणि दारातून बाहेर पाऊल टाकण्याआधीच सुरक्षापट्ट्याची कडी अडकवतो. मग आधीचा पहारेकरी दिशा, वारा आणि क्षितिजावरचे दिवे यांचा हवाला देतो. नोंदवहीत स्थान, वेग व वायुदाब टिपला जातो. एकट्याने नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, जाण्यापूर्वी झोपलेल्याला जागे करायचे, हा बहुतेक नौकांवरचा अलिखित दंडक आहे.

एकट्या नाविकाला मात्र हवाला द्यायला कोणी नसते. क्षितिजावर दिसू लागलेले मालवाहू जहाज वीसएक मिनिटांत अंगावर येऊ शकते, म्हणून वर्दळीच्या पाण्यात तो गजर लावून तेवढ्याच डुलक्या काढतो. स्वयंचलित सुकाणू आणि जवळच्या जहाजांची माहिती देणारी एआयएस यंत्रणा यांनी हा भार हलका केला असला, तरी नियमाच्या अक्षराशी एकट्याच्या झोपेचा मेळ कधीच पुरता बसत नाही.

भारतीय नौदलाच्या दोन नौकांमुळे हा फरक चांगला दिसतो. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार बंदरांवर थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यातूनच कोठेही न थांबता ती पूर्ण केली. त्याच आराखड्याच्या ‘तारिणी’वर २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी होत्या, तर २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच. एकाच आकाराच्या नौकेवर माणसे बदलली की झोपेचा हिशेब पार बदलतो. शिडे आणि दोर तेवढेच राहतात.

पूर्वीच्या गलबतांवर स्वयंपाकाला स्वतंत्र भंडारी असे. शीडनौकेवर ते काम आळीपाळीने करावे लागते. शेगडी दोन बिजागऱ्यांवर झुलती ठेवलेली असते, त्यामुळे नौका कितीही कलली तरी भांडे सपाट राहते. तरीही अनुभवी नाविक प्रेशर कुकर पसंत करतात, कारण लाटेच्या हिसक्याने तो आडवा झाला तरी बंद झाकणामुळे उकळता भात सांडत नाही. भाजीपाला पहिल्या आठवड्यात संपतो. पुढे कांदे, बटाटे, डाळ-तांदूळ आणि सुकवलेले तयार पदार्थ यांवर भागते. पहिले दोन-तीन दिवस बोट लागलेली असल्यामुळे या साऱ्याकडे पाहवतही नाही, हे निराळे. गोडे पाणी पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी राखले जाते. आंघोळ समुद्राच्या पाण्याने करून शेवटी तांब्याभर गोडे पाणी अंगावर घेतात, कारण मीठ हवेतला ओलावा ओढते आणि खारे कपडे कधीच धड वाळत नाहीत.

सकाळची फेरी डागडुजीची असते. एकाच जागी रात्रंदिवस घासणारा दोर तुटण्याआधी झिजतो, म्हणून तो वीतभर पुढे-मागे सरकवून घासणारी जागा बदलतात. शिडाची शिवण, डोलकाठीच्या ताणतारा आणि सैल झालेले बोल्ट पाहिले जातात. उष्ण कटिबंधात याच फेरीत रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासेही सापडतात.

वेळेचा हिशेबही नौकेबरोबर सरकतो. दक्षिण महासागरात ५० अंश अक्षांशावर रोज १५० सागरी मैल पूर्वेला जाणाऱ्या नौकेवर मध्यान्ह दररोज सुमारे पंधरा मिनिटे आधी होते. म्हणून जेवणे आणि झोप सूर्यावर, तर नोंदवही जागतिक प्रमाणवेळेवर, अशी दोन घड्याळे सोयीची पडतात. आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडताना तोच वार पुन्हा जगावा लागतो. नोंदवहीत मात्र तो एकदाच लिहिला जातो.