दिव्याखाली उजेड, पुढे अंधार

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण पणतीच्या काळातली. रस्त्यावरच्या दिव्याचं दुखणं नेमकं उलटं: खाली उजेडाचा सडा आणि चार पावलं पुढे काळोख. यावर लोकांची मागणी ठरलेली असते, ‘जास्त वॅटचा दिवा बसवा.’ पण वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. रस्त्यावर उजेड किती पडतो, ते लक्समध्ये मोजतात. खांबाची उंची आणि दोन खांबांमधलं अंतर यांचे नियमावलीतले आकडे कारकुनी वाटतात खरे, पण त्यांच्यामागे शाळेतली भूमिती आहे.

8 मीटर उंचीवर चहूकडे सारखाच प्रकाश टाकणारा उघडा बल्ब आहे असं धरा. खांबाच्या बुंध्यापासून साधारण 14 मीटरवर पोहोचणाऱ्या किरणाला 16 मीटर, म्हणजे दुप्पट अंतर कापावं लागतं. त्यामुळे प्रकाश एक चतुर्थांश होतो. शिवाय तो तिरका पडून दुप्पट जागेवर पसरतो, म्हणजे आणखी निम्मा. उरला एक अष्टमांश! पुढचा खांब 28 मीटरवर असेल, तर मधोमध दोन्ही दिव्यांचा मिळून खांबाखालच्या उजेडाचा जेमतेम पाव हिस्सा पडतो. दुप्पट ताकदीचा बल्ब लावला तरी हे प्रमाण तसंच राहतं. ते बदलायचं तर खांब उंच किंवा जवळजवळ हवेत, नाहीतर प्रकाश बाजूंना फेकणारी भिंगं हवीत. चांगल्या पथदिव्याची निम्मी हुशारी या भिंगांतच असते.

आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या शिफारशींनुसार, मोटारींच्या रस्त्यावर सर्वांत मंद जागेची दीप्ती, म्हणजे डोळ्याला दिसणारा रस्त्याचा उजळपणा, सरासरीच्या किमान 0.4 पट असावी. हा हट्ट डोळ्यांसाठी आहे. डोळा उजेडाला चटकन सरावतो, पण काळोखाला पुरता सरावायला त्याला अर्धा तास लागू शकतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तर 28 मीटर दोन सेकंदांत ओलांडते. दर दोन सेकंदांनी उजेड-अंधार, उजेड-अंधार! त्या अंधाऱ्या पट्ट्यात उभा असलेला माणूस चालकाला दिसणार कसा?

दिवा थेट डोळ्यांवर येत असेल तर आणखी पंचाईत. तो प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर धूसर पडदा येतो. वयाबरोबर डोळ्याचं भिंग गढुळतं, म्हणून हा त्रास म्हाताऱ्या माणसांना जास्त. दिव्याचं तोंड सरळ खाली असावं, आडव्या रेषेच्या वर प्रकाश जाऊ नये, ही अट त्यामुळे चालक आणि तारे दोघांच्याही सोयीची ठरते. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ शहराने वेधशाळेसाठी 1958 मध्येच सर्चलाइटवर बंदी घातली होती.

रंगाचा मुद्दा एलईडीबरोबर आला. पांढऱ्या एलईडीत बहुधा निळी चिप असते आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा थर. हा निळा अंश हवेत जास्त विखुरतो आणि झोपेचं घड्याळही बिघडवतो. म्हणून आता अनेक ठिकाणी 3000 केल्विन (रंगाचं हे माप जितकं कमी, तितका प्रकाश पिवळसर) किंवा त्याहून उबदार रंगाचा आग्रह धरतात.

एलईडी सहसा बल्बसारखा एका क्षणात जात नाही, हळूहळू मंदावतो. मूळ प्रकाशाच्या 70 टक्के उरला की त्याचं आयुष्य संपलं असं सहसा धरतात. त्यात काचेवर धूळ बसते. त्यामुळे आराखड्याचा हिशेब नव्याकोऱ्या दिव्यावर न करता थकलेल्या, मळक्या दिव्यावर करतात. साहजिकच सुरुवातीची काही वर्षं रस्ता गरजेपेक्षा जास्त उजळतो. दिवा मंद करण्याची सोय असेल, तर तेवढी वीज वाचवता येते.