सांगितलं तसंच केलं, तरी बोंब: व्हॅलिडेशनची पार्श्वभूमी

यूएटी (यूजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग, बनवलेली सिस्टिम वापरणाऱ्यांनीच तपासून बघणं, व्हॅलिडेशनचाच एक भाग) म्हणजे शेवटच्या आठवड्यात क्लायंटला बोलवायचं, दोन-चार स्क्रीन दाखवायच्या आणि साइन-ऑफ (मंजुरीची सही) घेऊन मोकळं व्हायचं, असंच बऱ्याच प्रोजेक्टात चालतं ना. पण हे शेवटावर ढकलणं अंगाशी येतं हे 1970 सालीच लिहून झालंय. विन्स्टन रॉइस या सॉफ्टवेअरवाल्याचा तो पेपर, ज्यातली आकृती सगळ्यांनी वॉटरफॉल (एक टप्पा संपला की पुढचा, मागे वळायचं नाही) म्हणून उचलली, त्यातच तो म्हणतो की असं सरळ खाली उतरत गेलात तर फसाल, एकदा करून बघा, मग परत करा, आणि कस्टमरला मधेमधे बांधून घ्या. आकृती घेतली, मजकूर वाचायचा राहिला.

1984 मधे बॅरी बोहेम या दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याने फरक एकदम सोपा करून मांडला, व्हेरिफिकेशन म्हणजे वस्तू नीट बनतेय का, व्हॅलिडेशन म्हणजे मुळात हवी ती वस्तू बनतेय का. ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो, पण मग लंडन बघा.

26 ऑक्टोबर 1992. लंडन अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिसमधे तोवर कॉल कागदावर लिहून घ्यायचे आणि कुठली गाडी पाठवायची ते माणूस ठरवायचा, त्या दिवशी ते कॉम्प्युटरकडे गेलं. त्याला प्रत्येक गाडी कुठंय, रिकामी आहे का, हे कायम अचूक कळायला हवं, म्हणजे क्रूने दर टप्प्याला बटण दाबायचं, तेही क्रमाने. पेशंट उचलताना बटण कुणाच्या लक्षात राहणार? माहिती चुकली की एकीकडे दोन गाड्या आणि दुसरीकडे एकही नाही, मग लोक परत फोन करणार, कॉल अजून वाढणार, आणि सिस्टिमचे इशारे इतके साचले की आधीचे स्क्रीनवरून वर सरकून दिसेनासेच झाले.

फेब्रुवारी 1993 च्या चौकशी अहवालात खरी मेख आहे. सॉफ्टवेअर अर्धवट होतं, पुरतं टेस्ट केलेलं नव्हतं हे त्यात आहेच, पण 26-27 तारखेला सिस्टिम तांत्रिक अर्थाने बंद पडली नव्हती, जसं डिझाइन केलं होतं तसंच साधारण चालत होती, डिझाइनच घातक होतं! (4 नोव्हेंबरला मात्र खरंच बंद पडली, सर्व्हरची मेमरी भरत गेली म्हणून, तो आपला साधा बग.) मग परत कागद.

पुढची सिस्टिम 1996 ला आली, ती मात्र कंट्रोल रूमच्या लोकांना सोबत घेऊन, एकेक तुकडा लावत.