ओल्या ओकचे घर

इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाजवळ, बे-लीफ नावाचे एक जुने शेतघर होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे बाऊ बीच जलाशय बांधला जाऊ लागला आणि हे घर बुडीत क्षेत्रात आले. तेव्हा ते पाडून टाकण्याऐवजी त्याचे खांब, तुळया आणि वासे एकेक करून सुटे करण्यात आले आणि वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथे वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात ते पुन्हा उभे करण्यात आले. पाचशे वर्षांहून अधिक जुने घर असे उलगडून पुन्हा जोडता आले, याचे श्रेय त्याच्या सांध्यांना द्यावे लागते.

त्या काळचे सुतार ओकचे झाड तोडले की ते सुकायची वाट न पाहता कामाला लागत, कारण ताजा ओक पटाशीने सहज कापला जातो आणि सुकल्यावर मात्र फार कठीण होतो. ओले लाकूड घर उभे राहिल्यावर वर्षानुवर्षे आकसत राहते, पण सगळ्या बाजूंनी सारखे नव्हे. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या वळणाने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. लांबीत तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून खांब फाटतो, किंचित पिळवटतो, पण त्याची उंची कायम राहते.

हे आकसणे सुतारांनी हिशेबात धरले होते. तुळईच्या टोकाला काढलेली जीभ खांबाच्या खाचेत बसवायची, आणि दोहोंना आरपार भोक पाडून त्यात सुक्या ओकची निमुळती खुंटी ठोकायची. मात्र जिभेतले भोक खाचेच्या भोकासमोर अचूक न ठेवता काही मिलिमीटर जिभेच्या मुळाकडे पाडत, त्यामुळे खुंटी आत जाताना स्वतः किंचित वाकते आणि जिभेला खाचेत ओढून घेते. एवढ्याशा सरकवलेल्या भोकात केवढी समज आहे! लोखंडी खिळा येथे फारसा टिकला नसता, कारण ओकमधील टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाला गंजवते.

प्रत्येक सांधा त्याच्या जोडीच्या लाकडावर मापून कापलेला असल्याने एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही. म्हणून सांगाडा जमिनीवर जुळवून पाहताना सुतार दोन्ही लाकडांवर रोमन अंकांसारख्या खुणा कोरत. सरळ रेघा पटाशीने पटकन उमटतात.

खांबांमधल्या चौकटी कुडाने भरलेल्या आहेत. वरच्या तुळईत भोके आणि खालच्या तुळईत खोबण असते. त्यांत उभ्या काठ्या अडकवून, लवचिक फांद्या विणून, वर माती, शेण आणि पेंढा यांचे लिंपण केले जाई. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

घराच्या मधोमध, जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे असलेले मोठे दालन आहे. तेथे जमिनीवरच चूल पेटे आणि धुराडे नसल्याने धूर छपराशी साचून फटींतून, बिनकाचेच्या खिडक्यांतून बाहेर पडे. त्यामुळे या दालनावर माडी घालणे शक्यच नव्हते. माडी फक्त दोन्ही टोकांना आहे आणि ती खालच्या भिंतीच्या पुढे आलेली आहे. समोरून पाहताना मधला भाग आत गेल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. अशा घरांच्या वाशांवर धुराची काजळी आढळली, की चूल एके काळी उघडी होती हे अभ्यासकांना कळते. पुढे, विशेषतः १६ व्या शतकात, धुराडी आली आणि अशा कितीतरी दालनांवर माड्या चढल्या.

झाडांच्या वर्तुळांवरून पाहता बे-लीफचे दालन आणि त्यालगतच्या कोठीच्या खोल्या १४०५ ते १४३० दरम्यानच्या ठरतात, तर मालकाच्या खोलीचे टोक १५०५ ते १५१० च्या सुमाराचे. म्हणजे त्या दुसऱ्या सुताराला शतकभर सुकून घट्ट झालेल्या जुन्या सांगाड्याला स्वतःचा ओला ओक जोडायचा होता, आणि पुढचे आकसणे सारे त्याच्याच बाजूने होणार होते.