रात्रभर चालू संगणकाच्या पंख्यांचा आवाज

रात्रभर चालू संगणकाच्या पंख्यांचा आवाज : डाउनलोड, बॅकअप, व्हिडिओचे रेंडरिंग (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणे) किंवा घरातल्या इतर उपकरणांना फायली पुरवणे अशा कामांसाठी डेस्कटॉप संगणक रात्री चालू ठेवला, की त्याच खोलीत झोपणाऱ्याला ऐकू येणारी शीतन-पंख्यांची घरघर. दिवसाच्या वर्दळीत ती विरून जाते. रात्री इतर आवाज थांबले की तीच खोली व्यापते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक मूल्यांनुसार झोपण्याच्या खोलीत सलग चालणारा आवाज ३० डेसिबेलपेक्षा जास्त नसावा. जोरात फिरणारे पंखे ही मर्यादा सहज ओलांडतात. मंद फिरणारे चांगले पंखे मात्र तिच्या आत राहू शकतात.

सुरुवातीच्या घरगुती संगणकांत हा प्रश्न फारसा नव्हता. १९७७ चा ॲपल टू आणि १९८४ चा मॅकिंटॉश यांत पंखाच नव्हता. तापलेली हवा आपली आपण वर चढून बाहेर पडत असे. १९८१ च्या आयबीएम पीसीत पंखा होता, पण तो वीजपुरवठ्याच्या डब्यात. १९९० च्या दशकात प्रोसेसरच्या डोक्यावर हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा पाकळीदार ठोकळा) आणि पंखा बसू लागला, पुढे ग्राफिक्स कार्डावरही. आजच्या डेस्कटॉपमध्ये चार-सहा पंखे ही नेहमीची गोष्ट झाली आहे.

झोपमोड नेमकी कशाने होते

डेसिबेलच्या आकड्याकडेच पाहत राहिले तर रात्रीचा प्रश्न अर्धाच समजतो. सलग, एकसुरी गुणगुण मेंदू काही वेळाने मागे टाकतो. अचानक चढणारा, थांबून पुन्हा सुरू होणारा किंवा हेलकावे खाणारा आवाज त्याला मागे टाकता येत नाही. ग्राफिक्स कार्डांचे पंखे हे याचे चांगले उदाहरण. अनेक कार्डांवरचे पंखे साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत पूर्ण थांबलेले असतात. कार्डाचे तापमान नेमके त्या उंबरठ्यावर रेंगाळले, तर दर काही मिनिटांनी पंखा सुरू होतो, थोडा फिरतो, थांबतो. अशा वेळी थांबण्याची सोय बंद करून पंखा सर्वांत कमी वेगाने अखंड फिरता ठेवणे झोपेसाठी जास्त बरे.

दुसरा त्रासदायक प्रकार म्हणजे ‘वँव-वँव’ असा हेलकावणारा आवाज. पंख्याच्या आवाजात एक ठरावीक सूर असतो. पात्यांची संख्या आणि दर सेकंदाचे फेरे यांच्या गुणाकाराइतकी त्याची वारंवारता असते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर हा सूर १४० हर्ट्झचा येतो. दोन सारखे पंखे जवळजवळ, पण तंतोतंत नव्हे, अशा वेगांनी फिरले की त्यांचे सूर एकमेकांत मिसळून ठोके पडतात. एक १००० आणि दुसरा १०१० फेऱ्यांवर असला तर सुमारे सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. अंधारात पडल्या पडल्या तो मोजत बसण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. उपाय मात्र सोपा आहे : एका पंख्याचा वेग शे-दीडशे फेऱ्यांनी बदलावा.

वेग आणि आवाज यांचे नाते

पंखा ढकलत असलेली हवा त्याच्या वेगाच्या सरळ प्रमाणात असते. आवाज त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. पंख्यांच्या अभियांत्रिकीतल्या रूढ नियमानुसार वेग अर्धा केला की आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. वेग फक्त २० टक्क्यांनी घटवला तरी जवळपास ५ डेसिबेल कमी होतात. १० डेसिबेलची घट कानाला ढोबळमानाने निम्मा आवाज झाल्यासारखी वाटते. उलट बाजूने, एका पंख्याशेजारी तसाच दुसरा लावला तर आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो. त्यामुळे एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन पंखे अर्ध्या वेगाने फिरवणे किफायतशीर ठरते. हवा साधारण तेवढीच वाहते आणि आवाज ढोबळ हिशेबाने १२ डेसिबेलने उतरतो. ‘आवाज नको म्हणून पंखे काढून टाका’ हा सल्ला म्हणूनच बहुधा उलटा पडतो. मोठ्या पंख्यांमागेही हेच तर्कशास्त्र आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असते. तेवढीच हवा तो निवांत फिरून देतो.

उष्णता मुळात कमी करणे

पंखा हा उष्णतेचा चाकर आहे; उष्णता घटली की तो आपोआप शांत होतो. रात्रीच्या कामाला बहुधा घाई नसते, आणि ही सवलत वापरली जात नाही याचे नवल वाटते. प्रोसेसर काम करताना खाणारी वीज त्याच्या वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारंवारता उतरवली की व्होल्टेजही उतरवता येते, त्यामुळे कामाचा वेग जितका घटतो त्याहून वीज आणि उष्णता जास्त घटतात. दोन तासांचे रेंडरिंग तीन तासांत संपले तरी सकाळी उठणाऱ्याला फरक पडत नाही.

विंडोजमध्ये यासाठी पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली जाते. एका टक्क्याचा हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण त्याने बहुतेक यंत्रांतला टर्बो (प्रोसेसरने मूळ वेगाच्या वर घेतलेली उसळी) थांबतो आणि तापमान लक्षणीय उतरते. लिनक्समध्ये कमाल वारंवारता बांधून हेच साधते. ग्राफिक्स कार्डाला विजेची मर्यादा घालता येते. कार्ड रात्री काही काम करत नसेल, तर ॲनिमेटेड वॉलपेपर आणि उघडे राहिलेले गेम बंद करणे पुरते.

मध्यरात्री पंखे एकाएकी का उसळतात, याचे उत्तर पुष्कळदा वेळापत्रकात असते. विंडोजची स्वयंचलित देखभाल मूळ सेटिंगनुसार पहाटे २ वाजता सुरू होते. अँटीव्हायरसची तपासणी आणि अपडेट यांनाही संगणक रिकामा दिसला की हुरूप येतो. ही कामे संध्याकाळवर ढकलता येतात.

पंख्यांचे नियंत्रण

तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज बदलून आणि चार पिनांच्या पंख्याचा वेग चौथ्या पिनेवरून येणाऱ्या स्पंदांनी ठरतो. या स्पंदांची वारंवारता २५ किलोहर्ट्झ ठेवलेली असते. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने त्यांची किणकिण ऐकू येत नाही. कोणत्या तापमानाला कोणता वेग हे मदरबोर्डच्या बायोसमधल्या (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या) ‘फॅन कर्व्ह’मध्ये ठरवता येते. लिनक्सवर ‘फॅनकंट्रोल’ हा प्रोग्रॅमही ते काम करतो.

कर्व्ह बसवताना बहुतेक जण त्याच्या चढाकडे पाहतात आणि विलंबाकडे दुर्लक्ष करतात. प्रोसेसरच्या आतला सेन्सर एखादे छोटे काम सुरू होताच क्षणात १०-१५ अंश वर उडी मारतो. हीटसिंकचे धातू तापायला मात्र बराच वेळ लागतो. पंख्याने सेन्सरच्या प्रत्येक उडीमागे धावणे व्यर्थ असते, कारण तो थंड करतो ते धातू अजून गार असते. वेग वाढण्या-घटण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची आणि काही अंशांचा फरक पडल्याशिवाय न हलण्याची सोय अनेक बायोसमध्ये असते. रात्रीच्या शांततेत सर्वाधिक भर तीच घालते. कर्व्हचा मधला भाग सपाट ठेवावा आणि वरचे टोक मात्र चढतेच राहू द्यावे. आजचे प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग उतरवून जीव वाचवतात, पण रात्रभर त्या भरवशावर राहणे योग्य नाही.

पंख्याखेरीजचे आवाज

‘पंख्याचा आवाज’ म्हणून सांगितला जाणारा प्रत्येक आवाज पंख्याचा नसतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क १२० हर्ट्झची थरथर कॅबिनेटच्या पत्र्याला देते आणि पत्रा ती मोठी करून खोलीत सोडतो. डिस्कखाली रबरी बूच आणि कॅबिनेटखाली जाड, मऊ चटई यांनी फरक पडतो. बारीक, उंच ‘किर्र’ आवाज ग्राफिक्स कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) कॉइलचा असू शकतो. तिथे पंख्यांशी झटून काही होत नाही, भार कमी करणे हाच मार्ग.

खरखर किंवा टकटक असेल तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. तेल घालून काही दिवस निघतात, बदलणेच बरे. धूळ हे आवाजाचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. हीटसिंकच्या पाकळ्या बुजल्या की तेवढ्याच उष्णतेसाठी पंख्याला जास्त पळावे लागते. हवेच्या झोताने साफ करताना पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंगला इजा होते. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये, कारण त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून असतात. आवाज दाबण्यासाठी कॅबिनेटवर चादर टाकणे किंवा संगणक बंद कपाटात कोंडणे धोक्याचे आहे, शिवाय निरुपयोगीही, कारण कोंडलेली हवा तापली की पंखे आणखी जोरात फिरतात.

संगणक चालू ठेवणे गरजेचे आहे का

रात्रभर चालू असलेले कित्येक संगणक प्रत्यक्षात तासभरच काम करतात. स्लीपमध्ये, एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातल्या एस३ अवस्थेत, मुख्यतः मेमरीलाच वीज मिळते आणि पंखे पूर्ण थांबतात. हायबरनेटमध्ये मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून संगणक बंदच होतो. डाउनलोड किंवा बॅकअप संपल्यावर स्लीपमध्ये जाण्याची सोय अनेक प्रोग्रॅममध्ये असते, आणि ठरल्या वेळी जाग येण्यासाठी मदरबोर्डवरचे घड्याळ वापरता येते. फाइल हवी तेव्हाच दुसऱ्या यंत्रावरून उठवायचे असेल तर ‘वेक-ऑन-लॅन’ उपयोगी पडते. त्यासाठी नेटवर्कवरून पाठवायच्या संदेशात सहा ठरावीक बाइट आणि त्यांच्यामागे झोपलेल्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो. कार्डाला तो ओळखता यावा म्हणून झोपेतही त्याला थोडी वीज मिळत राहते, आणि ही सोय आधी बायोसमध्ये सुरू करून ठेवावी लागते.