करंट तुटला की ठिणगी

होडीच्या मागे बाहेरून लावलेलं जुनं आउटबोर्ड इंजिन चालू होईना, की पहिला बळी ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा जातो. नवा प्लग येतो, खांदा दुखेपर्यंत दोरी ओढली जाते, इंजिन ढिम्म. मग आणखी एक प्लग. प्लग हा या साखळीतला शेवटचा गडी. त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसेल तर बिचाऱ्याला बदलून काय होणार?

इथे बोलतोय ते १९७०च्या दशकापर्यंत सर्रास मिळणाऱ्या, बॅटरीशिवाय चालणाऱ्या पेट्रोल आउटबोर्डबद्दल. (ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाचा इथे संबंध नाही. त्याला ठिणगी लागतच नाही, दाबून तापलेली हवाच तिथे डिझेल पेटवते.) या इंजिनांच्या डोक्यावरच्या फ्लायव्हीलमध्ये (फिरत्या जड चाकात) चुंबक बसवलेले असतात आणि त्याखाली एका प्लेटवर कॉइल, पॉइंट (उघडमिट करणारी धातूच्या टोकांची जोडी) आणि कंडेन्सर. या सगळ्या जुळणीला मॅग्नेटो म्हणतात. जुनी लॅम्ब्रेटा किंवा बजाज स्कूटर ज्यांनी उघडली आहे, त्यांना ही मंडळी ओळखीची वाटतील.

चुंबक कॉइलजवळून सरकला की तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. पण नुसत्या त्या विजेने ठिणगी पडत नाही. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेचे शेकडो वेढे, आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा जाड तारेतून करंट फिरतो. पिस्टन वर येता येता कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) पॉइंट उघडतो, करंट एकदम तुटतो आणि त्याच्या आधाराने टिकलेलं चुंबकीय क्षेत्र क्षणात ढासळतं. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप दणकतो, तसा हा दणका. बारीक तारेत तो दहा-वीस हजार व्होल्टचा होतो. म्हणजे ठिणगी करंट जोडताना पडत नाही, तोडताना पडते. बिघाड शोधताना प्रश्नही दोनच उरतात: पॉइंट मिटल्यावर करंट नीट वाहतो का, आणि उघडल्यावर तो साफ तुटतो का?

नीट न वाहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉइंटवर चढलेला थर. कोकणात यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ऐन पावसाळ्यात, खाऱ्या दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या इंजिनाच्या पॉइंटवर डोळ्याला जेमतेम दिसेल असा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि मॅग्नेटोच्या बेताच्या व्होल्टेजला तेवढा अडसर पुरतो. बारीक कानसीने हलकं घासा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेली कोऱ्या जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ यायची थांबेपर्यंत पट्ट्या बदलत राहा. पॉलिश पेपर मारून तसंच सोडणारे पुष्कळ असतात. त्याचे कण पॉइंटमध्ये अडकतात आणि घासूनही करंट नाहीच.

साफ न तुटण्याची कारणं जास्त. पॉइंटचा गॅप (उघडल्यावरची फट) त्या काळच्या बऱ्याच जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांना ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजला की तो कमी होत जातो. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्या) लावून मोजायचा. अंदाजाने लावलेला गॅप टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, बिघडवतो.

कंडेन्सर कुणालाच समजत नाही आणि म्हणून सगळे त्यालाच दोष देतात. पॉइंट उघडताना करंट त्या इवल्या फटीतून उडी मारू पाहतो. ती उडी कंडेन्सर झेलतो. तो आतून तुटला तर पॉइंटमध्ये लखलखाट होतो, एका बाजूला खड्डा तर दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार होतं आणि प्लगवर ठिणगी मरतुकडी पडते. आणि तो शॉर्ट झाला तर पॉइंट कितीही उघडोत, करंट तुटतच नाही.

तसंच स्टॉप बटणाचं. गाडीची किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट बंद होतो. मॅग्नेटोचं उलट आहे: बटण दाबलं की जाड तारेचा करंट थेट इंजिनाच्या बॉडीला जातो आणि पॉइंट उघडूनही चालूच राहतो. त्या बटणाची वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर इंजिन कायमचं 'बंद'. म्हणून फ्लायव्हीलला हात लावण्याआधी ती वायर सोडवून बघावी. फुकटची तपासणी आहे.

दोन सिलिंडरच्या इंजिनात बहुधा कॉइल, पॉइंट, कंडेन्सरचे दोन स्वतंत्र संच असतात. एकाच प्लगला ठिणगी नसेल तर भागांची एकेक करून अदलाबदल करा. बिघाड ज्या भागाबरोबर दुसरीकडे जाईल, तो चोर. दोन्हीकडे अंधार असेल तर दोन्ही कॉइल एकाच दिवशी गेल्या असं मानण्यापेक्षा दोघांत सामाईक काय ते बघावं, आणि तिथेही आधी स्टॉपची वायर.

एका ठिकाणी भलेभले फसतात. प्लग काढून बॉडीला टेकवला, दोरी ओढली, ठिणगी दिसली, म्हणून इग्निशन ठीक असा निकाल देतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये दाखवून दिलं होतं की ठिणगीला लागणारं व्होल्टेज अंतर आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच प्लगला कितीतरी जास्त व्होल्टेज हवं. शिवाय प्लग काढले की इंजिन हलकं फिरतं, चुंबक जोरात पळतात आणि करंटही वाढतो. म्हणून मेकॅनिक उघड्या हवेत सुमारे सहा मिलिमीटरची फट ओलांडून दाखवायला लावतात. ती ठिणगी निळी आणि टकटक वाजणारी हवी. हे करताना पेट्रोल लांब ठेवा, प्लगची भोकं चिंधीने झाका. प्लगवरची कॅप मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका. वाट न मिळालेलं व्होल्टेज कॉइलचंच इन्सुलेशन फोडून बाहेर पडतं.

कॉइलचं आवरण वयोमानाने तडकतं, तडीतून ओल शिरते. मल्टिमीटरवर जाड तार एखादा ओहम आणि बारीक तार काही हजार ओहम दाखवते, पण थंड कॉइल मीटरला सहज फसवते. थंड असताना झकास सुरू होणारं इंजिन अर्ध्या तासाने खाडीच्या मध्यावर बंद पडत असेल, निवल्यावर पुन्हा चालत असेल, तर बंद पडल्या क्षणीच ठिणगी तपासायची. तेव्हा ती नसेल आणि दुसरी चांगली कॉइल लावून इंजिन तासभर चाललं, तर जुनी कॉइल मीटरवर कितीही ठीक दिसो, फेकून द्यावी.